कोबीच्या पाण्यातला ट्रक

४ मार्च, मंगळवार
ट्रक आला. वीटभट्टी बंद पडल्यापासून तिच्या मागच्या झुडपांत उभा होता, तिथून ओढून आणला. मागच्या अंगणात अक्रोडाखाली लावला. गंज आहे, पण वरवरचा. बंद डाव्या दारातून उजवं दार दिसतं, म्हणजे हवा खेळती राहील.
गावातल्या निम्म्या घरांच्या विटा यानेच वाहिल्या. १९ जुलैला याच ट्रकमधून माझी लेक दुन्या लग्नाला चर्चला जाईल. मी चालवणार. मागे हौद्यात बँडवाले. साखरपुड्याला सगळ्यांसमोर, व्याह्यांसमोर, उभं राहून शब्द दिलाय.
रुझित्सा म्हणाली, अरे, लग्नाचा मांडव जिथे घालायचा नेमका तिथेच आणून ठेवलास. म्हटलं, मांडवाच्या आधी तो स्वतःच्या चाकांवर बाहेर जाईल. म्हणाली, आत तरी स्वतःच्या चाकांवर आला का? बायकांना यंत्रातलं कळत नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या बायकोला कळत नाही.

९ मार्च, रविवार
ग्वोझ्देन कुंपणावर. बायकोचा भाऊ, आणि माझ्या दुर्दैवाने शेजारीही. त्याच्याकडे वेल्डिंग मशीन आहे, ट्रॅक्टर आहे आणि मतं आहेत. तिन्ही न मागता देतो. म्हणाला, दाजी, चासी गेलीय, खालचा सगळा सांगाडा, पट्ट्या मारून देतो, एका दुपारचं काम. म्हटलं, मूळ पोलादावर परकी पट्टी चढवली की ते रिस्टोरेशन नाही, ठिगळ. म्हणाला, मूळ पोलाद? कुठंय? दाखवा तरी. आणि हसला. आधी स्वतःच्या दातांना पट्टी मार म्हणावं.
ठरवलं: रोज पहाटे पाचला उठायचं. कोणाचीही मदत घ्यायची नाही. ग्वोझ्देनची तर मेलो तरी नाही.

१० मार्च
आठला उठलो. पहाटे लोखंड गार असतं. गार लोखंडावर हातोडा मारणं अडाणीपणा.

२२ मार्च, शनिवार
चर्चच्या कॅलेंडरात आज लाल तारीख. लाल तारखेला हत्यार धरायचं नसतं. मी चर्चला जात नाही, पण परंपरा ती परंपरा. रुझित्सा म्हणाली, या संतांची तुला आजच कशी आठवण झाली? म्हटलं, धार्मिक दिवशी भांडू नये.

२८ मार्च, शुक्रवार
शोध लागला! कोबी आंबवायच्या पिंपातलं पाणी. हिवाळाभर आंबलेलं, जिभेला झोंबणारं. आंबट पदार्थ गंज खातो. दुकानातली औषधं डोकं न चालवणाऱ्यांसाठी. काल रात्री एक बोल्ट टाकून पाहिला, सकाळी चांदीसारखा. हे मला कोणी शिकवलं नाही. मला काहीच कोणी शिकवलेलं नाही.
कोबी जवळजवळ संपलेलाच होता. (रुझित्साचं मत वेगळं. ईस्टरपर्यंत उपास आहेत, खायचं काय, म्हणाली.) दारांच्या बिजागऱ्या, ब्रेकचे पाइप, लिव्हर, सगळं पिंपात. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली: नाव, बाजू, माप. माप मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत. काम असं असतं.

३० मार्च
चिठ्ठ्या विरघळल्या. हरकत नाही. हाताला कळतं कुठला भाग कुठला.

१ एप्रिल, मंगळवार
घातपात. चांदीसारखे झालेले सगळे भाग काल संध्याकाळी फळीवर वाळत ठेवले. सकाळी सगळे नारिंगी. एका रात्रीत! आपोआप असं होत नसतं. कोणीतरी पाणी शिंपडलं. कुंपण एकाच बाजूला आहे, आणि त्या बाजूला एकच माणूस राहतो.
कारणही आहे. रात्री राकिया जास्त ढोसली की दुसऱ्या दिवशी हा आमच्याकडे कोबीचं पाणी प्यायला येतो, वर्षानुवर्षं. परवाही रिकामा मग हातात घेऊन आला. दाजी, डोकं फुटतंय, अर्धा मग द्या. म्हटलं, त्यात ब्रेकचे पाइप आहेत. म्हणाला, चालेल, पाइप मी पीत नाही.
नाही दिलं. तेव्हापासून डूख धरून आहे.

५ एप्रिल, शनिवार
दुन्या शहरातून आली. म्हणाली, बाबा, त्या पाण्यात मूठ-मूठ मीठ असतं, मिठाने गंज वाढतो. म्हटलं, मिठाने मांस वर्षभर टिकतं. पोलाद तर मांसापेक्षा टणक. ती माझ्याकडे बघत राहिली. शिकलेल्या मुलांचा हाच तोटा, साधा तर्क झेपत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
चासी पिंपात मावत नाही. म्हणून पिंप चासीकडे नेलं. बटाट्याची पोती त्या पाण्यात भिजवली आणि चासीला पट्टीसारखी गुंडाळली, पुढून मागेपर्यंत. सांध्यांत पोतं जात नाही, तिथे कोबीची पानं. रोज संध्याकाळी तांब्याने वरून पाणी घालायचं.
ग्वोझ्देन कुंपणावर नाक धरून. म्हणाला, दाजी, आख्ख्या ट्रकची सार्मा करताय की काय? पानात गुंडाळलात ते ठीक, आत खिमा-भात कुठून भरणार? दुपारपर्यंत गावभर झालं. दुकानातली म्हातारी मला खिळे देताना विचारते, शिजली का रे तुझी सार्मा, ओब्राद? खिळे तिथेच ठेवून आलो. मग परत जाऊन आणावे लागले.

१८ एप्रिल
गुड फ्रायडे. आज हातोडा-खिळे म्हणजे महापाप. आजच कामाचा खरा हुरूप आला होता. नशीब!

१० मे, शनिवार
दुन्या म्हणाली, बाबा, लाझारच्या (होणारा जावई) काकांची पांढरी गाडी आहे, तीच घेऊया ना. म्हटलं, मी शब्द दिलाय. म्हणाली, मला चर्चला गाडीत बसून जायचंय, शब्दात बसून नाही. हे वाक्य तिचं नाही. हे कुंपणापलीकडून आलंय.
वर म्हणाली, तू फक्त माझ्याबरोबर असलास तरी पुरे. हो, म्हणजे तेच तर! मी असणारच. स्टिअरिंगवर.

२९ मे, गुरुवार
(लाल तारीख आहे, पण पोती सोडणं हे काम नव्हे.) पोती सोडली. चासी स्वच्छ. काही ठिकाणी इतकी स्वच्छ, की नाहीच. पेचकस टेकवला तर पलीकडे गेला. म्हणजे गंज पूर्ण निघाला. उरलं ते अस्सल पोलाद. थोडं आहे, पण अस्सल.
उद्या हिरवा रंग. दोन हात. जाड रंगालाही ताकद असते, हे लोकांना माहीत नसतं.

२८ जून, शनिवार
इंजिन. पुस्तिका जर्मन भाषेत आहे. मला जर्मन येत नाही, पण आकृत्या जर्मन नसतात. सगळं जोडून झाल्यावर काही भाग उरले. हे जर्मन नेहमी जास्तीचे भाग घालतात.
किल्ली फिरवली. खोकला. पुन्हा फिरवली. मोठा खोकला, आणि वाळत घातलेल्या लग्नाच्या टेबलक्लॉथांवर काजळी. सुरू झालं असं म्हणता येणार नाही, पण जिवंत आहे हे सिद्ध झालं. रुझित्सा जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. ग्वोझ्देन कुंपणावरून म्हणाला, ताई, त्यांना राहू दे, मी मशीन घेऊन येतो, अजून वेळ आहे. त्याच्या आवाजात हल्ली कळवळा असतो. शिवी परवडली.

१४ जुलै, सोमवार
मांडववाले आले, ट्रकभोवती फिरले, परत गेले. म्हणाले, जागा मोकळी झाली की बोलवा. रुझित्सा जेवायला वाढते, पण ताट टेबलावर ठेवत नाही, आपटते.
इंजिन आज खोकलंही नाही. बॅटरी दमलीय. मी नाही.

१७ जुलै, गुरुवार
सकाळी रुझित्साने मला न विचारता भावाला बोलावलं. ट्रॅक्टर, साखळी, सगळं घेऊन हजर. मी अट घातली: स्टिअरिंगवर मी. ओढत नेताना गिअर टाकला की इंजिन सुरू होतं. ही पद्धत आहे, मदत नव्हे.
ग्वोझ्देन म्हणाला, दाजी, खाली उतरा, चासीचा भरवसा नाही. दार लावून घेतलं. (दोरीने.)
एक झटका, एक कडकड आवाज. आणि निघाला! अंगणातून, फाटकातून, उतारावर. अपेक्षेपेक्षा कितीतरी हलका. बेअरिंगला ग्रीस मीच भरलंय, प्रत्येक गोळीला. मागून खरडल्यासारखं ऐकू येत होतं, ते गिअरबॉक्सचं समजलो. ग्वोझ्देन सारखा मागे वळून हात हलवत होता. मीही हलवला. त्या क्षणी त्याला माफ केलं.
चर्चच्या अलीकडच्या वळणावर तो थांबला, उतरला, चालत आला आणि मागे बोट दाखवलं.
मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता दिसला. नुसता रस्ता. केबिन, पुढची चाकं आणि मी, एवढेच आलो होतो. हौदा अक्रोडाखालीच. हिरवा रंग दोन्ही तुकड्यांवर एकसारखा बसलाय, हे मात्र कोणीही मान्य करेल.
केबिन रस्त्याकडेच्या चरात ढकलली. हौदा ट्रॅक्टरने ओढून बाजूला घेतला. संध्याकाळी मांडव उभा.

१९ जुलै, शनिवार
पहाटे पाचला उठलो. सूट घातला. आरशाला नक्षीचा टॉवेल बांधला, लग्नाच्या गाडीला बांधतात तसा, आणि चरात जाऊन केबिनमध्ये बसलो. शब्द दिला होता. दुन्या इथे बसली असती आणि इंजिन सुरू झालं असतं तर चर्च समोर होतं, उतारच होता.
वरात आली. पुढे झेंडा, मग हॉर्न, बँड. मी समोर बघत राहिलो. पांढरी गाडी थांबली. दुन्या झगा दोन्ही हातांनी वर धरून चरात उतरली. म्हणाली, बाबा, उतर. म्हटलं, पाच मिनिटं दे, किल्ली फिरवून बघतो. फिरवली. टक् सुद्धा नाही. म्हणाली, तू नसशील तर मी आत जाणार नाही. पाद्री थांबलाय, सगळे थांबलेत, मी चिखलात उभी आहे. उतर.
व्याही खिडकीतून बघत होते. सगळे बघत होते. कोणीही हसलं नाही. हसले असते तर बसून राहता आलं असतं.
दोरी सोडली. उतरलो. तिच्या बाहीवर माझ्या हाताचा गंज लागला, तिने पाहिलं, पुसला नाही.
सगळ्या गाड्या भरलेल्या. जागा एकाच गाडीत होती, मागे, दोन मावश्यांच्या मधे. बसलो. स्टिअरिंगवर ग्वोझ्देन. त्याने किल्ली फिरवली. एकदाच. गाडी सुरू झाली.