कुजबुजत सांगितलेल्या गमती

१४ मार्च, रविवार सकाळ

ताई, नमस्कार.

'सप्रेम' लिहायला गेलो आणि पेन अडलं. तुझी पत्रं मिळाली, सगळी वाचली. उत्तर मात्र आज-उद्या करत ढकललं. आळस म्हण हवं तर. तुझ्या भोवऱ्याला तू ओळखतेसच.

मी मजेत आहे. सध्या एका योगवर्गात काम लागलंय. हॉल झाडायचा, सतरंज्या अंथरायच्या, ब्लँकेटांच्या घड्या घालायच्या. राहायला मागची खोली. तिथला नळ सोडला की आख्खी भिंत गुरगुरते. दुरुस्तीवाला आला, चहा पिऊन गेला, भिंत आहे तशीच. ते असो.

हा वर्ग घरातलं माणूस गेलेल्यांसाठी आहे. डोक्यावर उभं राहणं वगैरे नाही. खुर्चीत बसून खांदे फिरवायचे, उशीवर गुडघे टेकून पुढे वाकायचं. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "जमेल तेवढंच. रडू आलं तर रडा, पण श्वास कोंडून रडू नका, ठसका लागतो." एक म्हातारे शिंपी बायको गेल्यापासून येतात. वाकताना इतके कण्हतात की शेजारची आजी विचारते, "अहो, शिलाई उसवली का?" सगळ्यांत जास्त तेच हसतात.

परवा बाई मला म्हणाल्या, "झाडू ठेव, तूही बस." मी म्हटलं, माझं कुणी गेलेलं नाही. "मग पाठ तरी सरळ होईल," म्हणाल्या. बसलो. बरं वाटत होतं, खरंच. शेवटी शवासन. बाईंनी माझ्या छातीवर घडी केलेलं ब्लँकेट ठेवलं आणि बाकीच्यांना दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोला, झोपलाय तो."

मी ताडकन उठलो. ब्लँकेट भिरकावलं. "झोपलो नाहीये मी!" असा ओरडलो की शिंपीकाकाही उठून बसले.

ताई, त्या दिवशी मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "बाबा झोपलेत." त्यांची झोप मोडू नये म्हणून मी आवाज खाली आणला आणि तेव्हा समुद्रकाठी कामाला होतो तिथल्या गमती तुला कुजबुजत सांगितल्या. तू हूं हूं करत राहिलीस. बाबा तेव्हा गेलेले होते. पलीकडच्या खोलीत होते. मला कळवलंस ते सगळं उरकल्यावर. तू लिहितेस, "तू एकटा, एवढ्या लांब, काहीतरी करून बसला असतास." बसलो असतो किंवा मिळेल त्या गाडीला लटकून आलोही असतो. ते ठरवणारी तू कोण? माझेही बाबा होते ते. खोटं बोललीस ते एकवेळ सोडेन. पण तू मला कुजबुजू दिलंस, ते कसं सोडू?

आता रोज वर्गात बसतो. खांदे जरा खाली येतात. शवासनाला मात्र कुशीवर वळतो.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. शिंपीकाका असतील म्हणून उघडलं, तर आई! एकटी! जिला कोपऱ्यावर जायलाही तुझा हात लागतो ती, माझ्या पत्त्याची चिठ्ठी मुठीत धरून. सुजलेले पाय घेऊन माझ्या खाटेवर बसलीय. म्हणते, "मैत्रिणीकडे राहते सांगून निघालेय. ताईला कळवू नकोस, उगाच घाबरेल."

मी म्हटलं, नाही आई, कळवणार.

पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून आत्ताच खाली जाऊन तुला फोन करतो. आई सुखरूप आहे, एवढंच सांगेन. बाकीचं इथे लिहिलंय.

अजून तरी तुझाच भाऊ,
भोवरा