तिसऱ्या पायातला कागद

३ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग गाऱ्हाणं. पुलांचं काम मला मिळालं! नदीवरचे बारा जुने लोखंडी पूल पाडायचे ठरलेत. पाडण्याआधी प्रत्येकाचा एकेक फोटो खात्याच्या दप्तरात हवा आहे, आणि तोही माझ्या त्या पेटीएवढ्या लाकडी कॅमेऱ्यावर काढलेला, रिव्हेट न् रिव्हेट मोजता येईल असा. साहेब म्हणाले, पूल एकदा कापला की कापला, तुमचा फोटो बिघडला म्हणून तो परत उभा राहणार नाही. मी म्हटलं, माझ्या हातून बिघडत नाही. हा माज मी कुठून उचलला ते तुम्हाला सांगायला नको.

आता गाऱ्हाणं. माझा स्टुडिओतला ट्रायपॉड अकरा किलोचा आहे. तो घेऊन दोन बस बदलायच्या आणि नदीकाठाने तास-तास चालायचं, म्हणजे फोटो काढायला मी शिल्लक राहायला हवी. दुकानात दोन पाहून आले. एक कार्बनचा, चार घड्यांचा, काखेत मारून न्यावा इतका हलका, पण वर कॅमेरा ठेवला की नुसत्या श्वासाने डोलतो. दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, जाड पायांचा, मधला दांडा नसलेला, साडेपाच किलोचा. दिसायला ठोंब्या, पण मी खांदा लावून रेटला तरी हलला नाही. दुकानदार पहिल्याच्या प्रेमात आहे. माझ्या कॅमेऱ्याचा चामडी भाता वारा धरतो आणि फोटोला दोन-दोन सेकंद लागतात, हे त्याच्या गावीही नाही. तुम्ही जन्मभर जमीनमोजणीची यंत्रं आणि त्यांचे पाय दुरुस्त केलेत. सांगा, कोणता घेऊ?

लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर वाढेलही.

तुमची,
भिंगरी


९ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र टाइप केलेलं बघून कोर्टाची नोटीस आली असं समजू नकोस. दुकानातला जुना टाइपरायटर दुरुस्त केलाय, तो गंजू नये म्हणून एका बोटाने ठोकतो आहे.

दोन्हींपैकी एकही घ्यायचा नाही. चार घड्यांचा पाय म्हणजे एका पायात तीन सांधे, तीन पायांत नऊ, आणि सांधा तितका दगा. अ‍ॅल्युमिनियम त्यापेक्षा बरं, पण धक्का बसला की ते वाजत राहतं. लाकूड धक्का पोटात घालतं. माझ्या माळ्यावर मोजणीच्या एका जुन्या तिवईचे पाय पडून आहेत, पन्नास वर्षं वाळलेले, हाडासारखे टणक. ते कापून दुमडते करतो, म्हणजे बसच्या फळीवर मावतील. एकेका पायाला एकच सांधा, वर डोक्यापाशी जिथे पाय फिरतात तिथे भोकात घट्ट बसणारी पितळी नळी, म्हणजे बुश, खाली टोकदार खिळे. चार किलोच्या वर जाणार नाही. केसाएवढी ढिलाई सापडली तर माझं नाव बदल.

दुकानदाराला सांग, आमच्या घरी नदी आहे, आम्ही विहिरीवर पाणी भरत नाही. वीस दिवस थांब.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायला नकोत.

बाबा


२१ सप्टेंबर

ती. अक्कास,
धाकट्याचा नमस्कार.

अक्षर बघून चष्मा पुसू नकोस. चष्मा ठीक आहे, अक्षरच असं झालंय. उजवा हात कापतो, अक्का. आठ महिने झाले. आधी फक्त चहाचा कप वाजायचा, आता स्क्रू पकडला की स्क्रूड्रायव्हर त्याच्या भोवती नाचतो. गिऱ्हाइकांची नाजूक यंत्रं मी काहीतरी सबबी सांगून परत पाठवतो. सुटा भाग मिळत नाही म्हणतो, डोळे आलेत म्हणतो. अजून एकालाही पत्ता लागू दिलेला नाही. पोरीला पत्र टाइप करून पाठवतो.

तिची तिवई करायला घेतली आहे. दोन पाय झकास झाले. ते करताना वाटलं, गेलं वाटतं दुखणं. तिसऱ्या पायाचं भोक साफ करताना हाताने ऐन वेळी दगा दिला आणि भोक लांबुळकं झालं. दुसरं लाकूड नाही. मोठा बुश घालायचा तर पुन्हा तेच भोक, पुन्हा हाच हात. शेवटी पावतीपुस्तकाच्या कागदाची घडी घालून बुश घट्ट बसवला. जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला मी दुकानाची पायरी चढू दिली नसती, ते मी केलं. पण चार दिवस वर वजन ठेवून पाहिलं, रेटून पाहिलं, हलत नाही.

ही तिवई तिच्या पुलांपुढे नीट उभी राहिली तर मी समजेन की मी अजून कामाचा आहे. नाही राहिली तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही. मला दुसरं काही येत नाही, अक्का. पोरीला कळवायचं नाही, तुला माझ्या गळ्याची शपथ.

तुझी माया आहे म्हणून एवढं लिहिलं.

धाकटा


२६ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

शपथ घालायला तू काय सात वर्षांचा आहेस? चाळीस वर्षं मी दवाखान्यात नर्स होते. हा कंप कसला ते मला तुझ्या पहिल्या ओळीत कळलं. आधी डॉक्टरकडे जा. यावर गोळ्या असतात, बरं होत नाही पण दिवस निभावतात. आणि ती तिवई पाठवू नकोस. पोरीला लिही की बाई गं, दुकानातली घे. झाकली मूठ सव्वा लाखाची, खरं आहे, पण तू मूठ झाकतोस आणि सव्वा लाख तिचे पणाला लावतोस, हा कुठला न्याय?

शपथ मोडणार नाही, कारण आपल्यात ती रीत नाही. पण तू मला फार वाईट जागी बसवलंस.

ऐकशील तर जवळ घेईन, न ऐकशील तरी घेईनच.

अक्का


६ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ट्रायपॉड पोचला! पेटी उघडली आणि तेलाचा, लाकडाचा तुमच्या दुकानासारखा वास आला. मी तो दिवाणखान्यात उभा केला, कॅमेरा चढवला आणि बाजूला नाचून पाहिलं, खरोखर नाचून. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर समोरच्या घराची उलटी खिडकी तसूभर हलली नाही. खालच्या मजल्यावरचे काका मात्र वर येऊन भांडून गेले. दुकानदाराला नेऊन दाखवला. तो बोटं फिरवत राहिला आणि म्हणाला, असं काम आता कोण करतं? मी म्हटलं, माझे बाबा करतात.

उद्या निघते. तीन आठवडे फिरणार, फिल्म घरी येऊन धुणार. पहाटे नदीवर वारा नसतो म्हणतात, म्हणून रोज अंधारातच उठायचं आहे. काळजी नको. तुमची तिवई बरोबर आहे.

असाच जीव लावत राहा.

भिंगरी


२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. बारापैकी नऊ पूल हललेले आले. फिल्म धुतली तेव्हा ओल्या फिल्मवर काही कळलं नाही. वाळल्यावर भिंगाखाली धरली. प्रत्येक रिव्हेट दुहेरी. पहिले तीन पूल स्वच्छ, चौथ्यापासून सगळे गेलेले. आणि त्या नवांपैकी चार पूल आता नाहीत. गेल्याच आठवड्यात कापून नेले. मी जाऊन पाहिलं, दोन्ही काठांवर नुसते खांब उभे आहेत.

आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मग ट्रायपॉडचा एकेक सांधा तपासला. तिसरा पाय डोक्यापाशी खुळखुळतो. खोलून पाहिलं तर बुशभोवती कागदाची घडी! नदीकाठच्या दवाने ती भिजून लगदा झाली होती. तुमच्या पावतीपुस्तकाचा कागद, बाबा, अर्धा छापील आकडासुद्धा वाचता येतो.

मी तासभर तो लगदा हातात घेऊन बसले. तुम्ही, ज्यांनी केसाएवढ्या ढिलाईसाठी लोकांची यंत्रं तीन-तीनदा उघडली, तुम्ही कागद घालणार नाही. मला सात जन्म पटणार नाही. तुम्ही कुणाला हाताखाली ठेवलंय का? हे काम त्याच्याकडून करून घेतलंत का? खरं सांगा.

खात्याच्या साहेबांना उद्या तोंड दाखवायचं आहे.

भिंगरी


८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझा तर्क बरोबर आहे. गेल्या वर्षापासून दुकानात एक म्हातारा कारागीर बसतो. एके काळी त्याचा हात चांगला होता, म्हणून मी त्याच्यावर विसंबलो. पहिले दोन पाय नीट केले, तिसऱ्यात त्याने पाट्या टाकल्या, आणि मी तपासायला हवं होतं ते तपासलं नाही. दोष माझा आहे. तुझे चार पूल मी भरून देऊ शकत नाही, आणि हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

जे पाच पूल अजून उभे आहेत त्यांच्यासाठी दुकानातला तो जाड पायांचा, साडेपाच किलोचा घे. हलक्याच्या नादी लागू नकोस. त्याच्या मध्यावर दगड भरलेली पिशवी टांग, पाय पुरते फाकव, आणि शटर हाताने न दाबता तारेने दाब. मी पहिल्याच पत्रात हेच सांगायला हवं होतं.

रागावलीस तरी तब्येत सांभाळ.

बाबा


१२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

म्हातारा कारागीर? हे तू पोरीला लिहून कळवतोस आणि वर मला त्याची नक्कल पाठवतोस? मला रडू आलं आणि रागही आला. ती तुला आळशी समजेल, बेफिकीर समजेल, ते चालेल, पण आजारी समजलेली चालत नाही. धन्य आहे तुझी! मी तिला एवढंच लिहिलं आहे की बाबांना एकदा भेटून ये. माझी शपथ सोडव, हात जोडते.

तुझ्या दारात उभी असल्यासारखी लिहितेय, दार उघड.

अक्का


१५ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. उरलेलं काम खात्याने काढून घेतलं. त्यांचाच माणूस मोबाइलवर फोटो काढणार आहे. जाड पायांचा ट्रायपॉड आता कशासाठी घेऊ? पुढच्या वर्षीच्या कामाच्या यादीतही माझं नाव नसेल, असं साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

पण बाबा, रडू त्याचं येत नाही. मला वाटलं होतं, माझं काम म्हटल्यावर तुम्ही स्वतः बसाल. ट्रायपॉडवर हात फिरवताना मला रोज वाटायचं की तुम्ही सोबत आहात. दुसऱ्या कुणाचं काम होतं ते, आणि मी लोकांना सांगत सुटले, माझे बाबा करतात.

आत्याचं पत्र आलं, बाबांना भेटून ये म्हणून. एवढ्यात माझ्याने येववणार नाही. फक्त एक मागते. त्या म्हाताऱ्याला दुकानातून काढा. दया येत असेल तर त्याला जेवू घाला, पण त्याच्या हातात हत्यार देऊ नका. आज माझे पूल गेले, उद्या त्याने दुरुस्त केलेल्या यंत्राने कुणाच्या तरी जमिनीची हद्द चुकेल. तुमचं नाव त्याने बुडवू नये असं मला वाटतं.

नमस्कार.

भिंगरी


२० नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं पटलं. त्या म्हाताऱ्याला काल दुकानातून काढलं.

तू लिहिलंस ते त्याला शब्दशः वाचून दाखवलं. त्याने दिवसभर बसून हत्यारं तेलाने पुसली, एकेक कापडात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. त्याला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळ झाली. गिऱ्हाइकांची यंत्रं ज्याची त्याला पोचती केली. पितळी पत्रे आणि भोकं साफ करायचे रीमर कुणी चांगला कारागीर भेटला तर त्याला द्यावे म्हणाला, विकू नयेत.

आणखी एक म्हणाला. म्हणाला, पोरीला एवढं कळवा की पाट्या टाकल्या नव्हत्या. तिचं काम म्हणून जेवण विसरून बसलो होतो, वीस दिवस, आणि हे तिला खरं वाटलं नाही तरी चालेल. म्हणून कळवतो आहे.

टाइपरायटर आजच एकाला दिला. यापुढे तुला पत्रं आत्या लिहील, मी सांगेन तशी. तूही तिच्याच पत्त्यावर लिही. दुकानात आता कोणी बसत नाही.

माया कमी करू नकोस.

बाबा