दोन आडनावांचं रजिस्टर

८ नोव्हेंबर १९५४, सोमवार. रिसोड

शेवटी घोळ झालाच. केनवडात नारायण काळे दोन आहेत हे मले काय सपनात दिसणार होतं? एकाले खोकला, दुसऱ्याचे गुडघे दुखतात. गुडघेवाला खोकल्याचं औषध प्याला, खोकलेवाल्यानं गुडघ्याचं तेल छातीवर चोळलं. आज दोघंही दवाखान्यात हजर. दोघंही म्हणतात, लय बरं वाटून राह्यलं, तीच बाटली द्या.

वाटलं डॉक्टरीणबाई हसतील. उलट भडकल्या. "कंपाउंडर, तू काळे, तो काळे, सगळे काळे! उद्या माणूस मेला तर कोणता मेला, ते तरी मला कळेल का?" बाई स्पेनच्या. तीन वर्षांत मराठी छान शिकल्या, पण सगळ्यांले अरे-तुरे. परवा तहसीलदारालेही "जीभ दाखव" म्हणाल्या.

ऐकून घेतलं. चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या.

१० नोव्हें., बुध.

नवा हुकूम. रजिस्टरात यापुढे दोन आडनावं लिहायची. आधी बापाचं, मग मायच्या माहेरचं. म्हटलं, बाई, हे काय नवीन काढलं? तर म्हणतात, आमच्या देशात प्रत्येकाची दोन असतात, लग्न झालं तरी बाईचं नाव कोणी बदलत नाही.

सहज विचारलं, मग तुमचं पूर्ण काय? "गार्सिया गार्सिया." बाप गार्सिया, मायही गार्सियाच!

मी तर उडालोच. म्हटलं, एकाच आडनावात लग्न? बाई म्हणाल्या, त्यात काय, आमच्याकडे सगळ्यात जास्त हेच आडनाव. एकमेकांशी काही नातं नाही. अर्थ विचारला. कोणी म्हणतं अस्वल, कोणी म्हणतं तरुण. फार जुनं, डोंगरातल्या लोकांच्या बोलीतलं म्हणतात. आधी माणसाचं नाव होतं, मागून आडनाव झालं. खरं काय ते तिकडेही कोणाले पक्कं ठाऊक नाही.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणते, "बाप्पा! अस्वलाच्या घरची बाई, अन् सुई किती हलक्या हातानं टोचते!"

१४ नोव्हें., रवि.

सदाशिव जेवून गेला. देवी टोचत गावोगाव फिरतो, मूळचा कामरगावचा. लस न्यायले दवाखान्यात येतो, तिथून आमच्याकडे. पोरगा गुणाचा. स्वतःचं ताट स्वतः उचलतो. तो गेल्यावर बायको म्हणाली, "तुमाले डोळे हायेत का नाही? इंदूले पाहा जरा."

इंदूले सरळ विचारलं. पोरगी लाजली नाही, रडली नाही. म्हणाली, "हो बाबा. मले दुसरा कोनी नको." अन् भाकरी थापत बसली.

मले तर आनंदच झाला असता. पण त्याचं आडनाव काळे, आमचंही काळे. आपल्यात एका आडनावाचे म्हणजे भाऊबहीण. हा नियम मी नाही केला. पण मोडू कसा?

जेवण गेलं नाही.

१८ नोव्हें., गुरु.

केनवडले दादाकडे जाऊन आलो. त्याले विचारल्याशिवाय मी आजवर काही केलं नाही. सोळा वर्षांनी मोठा. बाबा गेल्यावर यानंच वावरात राबून मले मॅट्रिक केलं. इंदूचं नावही यानंच ठेवलेलं, सहा वर्षांची होईपर्यंत त्याच्या खांद्यावरून उतरली नाही.

कापूस वेचणं चालू होतं. ऐकून ओटीतला कापूस तसाच खाली टाकला. "नामा, डोकं फिरलं काय तुहं? काळ्याची पोरगी काळ्याच्या घरी?"

म्हटलं, दादा, कामरगाव कुठे, केनवड कुठे. त्यांचं देवक वेगळं, कुलदैवत वेगळं. काळा माणूस कोणत्या गावात नव्हता? ज्याच्या-त्याच्या लेकरांले लोक काळे म्हणत गेले. तू गोरापान, तुलेही काळेच म्हणतात की! बाईंच्या मायबापांचंही सांगितलं.

"त्या बाईले म्हन, तुमी गोळ्या द्या." एवढं बोलून निघाला. बांधावरून ओरडला, मेहकरकडचं स्थळ आहे, माघात इंदूचं लग्न मी लावतो म्हणून.

२१ नोव्हें.

इंदू कामापुरतं बोलते. बायको मले बोलते, ते कामापेक्षा जास्त. सदाशिव आज आलाच नाही.

२५ नोव्हें., गुरु.

रजिस्टरचं खूळ लोकांले आवडून राह्यलं. बाप्ये डोकं खाजवतात, बायांले विचारलं की खुलतात. आज एका म्हातारीनं मायचं आडनाव सांगितलं अन् पदर डोळ्याले लावला. म्हणे, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कोनी इचारलं. पुडी न घेताच निघाली होती, मागे धावत जाऊन दिली.

२९ नोव्हें., सोम.

आत्या आली होती, बाबांची थोरली बहीण, डोळ्यांत औषध टाकायले. बापाचं आडनाव काय विचारायचं, मीच लिहिलं: काळे. मग म्हटलं, "आत्या, तुह्या मायचं सांग."

"काळे."

"अवं, ते बापाचं झालं."

"मी मायचंच सांगून राह्यली. माय बी काळेच. कारंज्याकडची."

म्हणजे माझी आजी! मी जन्मायच्या आधीच गेलेली. घरात कोणी तिचं माहेर काढलं नाही, मी विचारलं नाही. म्हटलं, आत्या, इतकी वर्षं बोलली नाहीस?

"तू कवा इचारलं?"

"दादाले माहीत आहे?"

"त्याले नाही तं कोनाले राह्यते? ते थेंब टाक आता, माही बैलगाडी थांबली."

१ डिसें., बुध.

काल केनवडले गेलो अन् जन्मात पहिल्यांदा दादावर आवाज चढवला. स्वतःची आजी काळे-काळे, अन् माझ्या पोरीले अडवतो? खोटारडा म्हणालो. वहिनी चुलीजवळून उठून आली.

दादानं वहिनीले परत चुलीकडे धाडलं. मग बोलला. आजोबांनी ते लग्न केलं तेव्हा भाऊबंदांनी घर वाळीत टाकलं. ते बाबांच्याही मानगुटीवर बसलं. दादा सात वर्षांचा असताना गावात कोणाचंतरी लग्न होतं. बाबांले वाटलं, आता लोक विसरले असतील. दादाले घेऊन पंगतीत बसले. पान वाढलं, अन् कोणीतरी म्हटलं, "यायले उठवा." बाबा मुकाट्यानं उठले. दादाच्या हातात पहिला घास होता.

"तो खाऊ का फेकू, मले समजे ना, नामा. घरापर्यंत मुठीतच ठेवला." मी पाळण्यात होतो तेव्हा केव्हातरी भाऊबंदांनी घर परत जातीत घेतलं. "माही इंदू तशी पंगतीतून उठवलेली मले पाहवणार नाही रे."

म्हणून विरोध. अन् मी त्याले खोटारडा म्हणालो. दोघंही रडलो. वहिनीनं चहा आणला तोही निवून गेला.

५ डिसें., रवि.

दादा स्वतःहून रिसोडले! म्हणे खोकला झाला. कशाचा खोकला, बहाणा नुसता. बाईंनी छाती तपासली, काही नाही म्हणाल्या. तरी हा स्टुलावरून हलेना. शेवटी विचारलंच. "बाई, तुमच्या मायबापाले पंगतीतून कोनी उठवलं नाही काय?"

बाईंले काही समजलं नाही. पंगत म्हणजे काय, उठवणं म्हणजे काय, सगळं मले सांगावं लागलं. बाईंनी ऐकलं, कानातली नळी काढून टेबलावर ठेवली.

"कोण उठवणार, दादा? उठवणारेही गार्सियाच."

दादा जो हसायले लागला, की आता खराच खोकला लागला. मीही हसलो, बाईही हसल्या. औषधाची बाटली तिथेच विसरून गेला. दारातून म्हणाला, "तो पोरगा कोनता? पाठव त्याले माह्याकडे."

इंदूले सांगितलं. पहिल्यांदा रडली पोरगी. वेडी.

१२ डिसें., रवि.

सदाशिवले दादानं अख्खं वावर पायी फिरवलं. काय काय विचारलं ते दोघंही सांगत नाहीत. संध्याकाळी दादानं निरोप धाडला की पुढच्या रविवारी केनवडात सगळ्या भाऊबंदांले जेवण, सदाशिव त्याच्या शेजारी बसणार, अन् ज्याले हे लग्न पटत नाही त्यानं तिथेच तोंडावर सांगावं.

बायको म्हणते, "मोठ्या भाऊजींनी आता मनावर घेतलं." मले रात्रभर झोप नाही. कोणीच आलं नाही तर? अन् आले, अन् कोणी तेच शब्द बोललं तर?

१९ डिसें., रवि. केनवड

दुपार. आतल्या खोलीत धान्याच्या पोत्यावर बसून लिहितो. बाहेर उभं राहवत नाही.

आले तर बरेच जण. पण पानावर कोणी बसलं नाही. भिंतीपाशी उभे, पागोटी सारखी करतात, एकमेकांकडे पाहतात. भाऊबंदांत वडीलधारे गोविंदकाका, तेही चपला घालूनच ओसरीच्या पायरीवर. पंगतीत पहिले तेच बसतात, मग बाकीचे. ना बसतात, ना जातात.

दादा सगळ्यांदेखत जाऊन पानावर बसला. सदाशिवले उजव्या हाताले बसवलं. पोराचं तोंड उतरलं होतं, पण बसला ताठ. मग दादानं हाक मारली, "इंदू, वाढ वं बाई." तिनं वाढलं.

"गोविंदकाका, मी थांबतो," दादा म्हणाला. "तुमी बसल्याबिगर घास घेनार नाही. अन् पानावरून उठनार बी नाही."

गोविंदकाका अजून पायरीवरच. आत्ताच इंदू वरणाचं पातेलं घेऊन चुलीकडे गेली, दुसऱ्यांदा गरम करायले. दादा बसून आहे.