सुबियाल्देचे घर आणि डोंगरावरची जमीन

मी, कोंचेसी एचेनीके, सुबियाल्दे या घरची मालकीण, राहणार बास्तान खोरे, नाव्हारा, वय वर्षे ऐंशी, गुडघे सोडून बाकी सर्व ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने वा गोडीगुलाबीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी पुष्कळ केली, ती सर्व रद्द समजावीत.

कलम १. सुबियाल्दे हे घर, गोठा, गायी, कुरण, ओढ्यापलीकडची सफरचंदाची झाडे आणि दफनभूमीतले या घराच्या मालकीचे थडगे, हे सर्व अखंड माझी मुलगी मायालेन हिला. आमच्याकडे घराचे तुकडे होत नाहीत. घर एकालाच जाते आणि बाकीच्यांनी आपापली वाट धरायची, हीच रीत. माझ्या वडिलांनी मुलगा असताना घर मला दिले आणि माझा नवरा बिशेंते घरजावई म्हणून इथे आला. वडिलांनी मिशी न बघता हात बघितले, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

अट एकच. लग्न न केलेल्या भावंडाला घरात ताट आणि बिछाना असतो. त्याप्रमाणे माझा धाकटा भाऊ पाचिको मरेपर्यंत या घरात राहील आणि चुलीजवळची खुर्ची त्याचीच असेल. अमेरिकेत मेंढ्या राखून तो गेल्या वर्षी परतला. आमच्या चीजला तो नाक मुरडतो, तिकडे लक्ष देऊ नये.

कलम २. चॉकलेट उकळायचे तांब्याचे भांडे माझी चुलतबहीण एउलाली हिला. माझ्या मुलाच्या बारशाला तिने ते उसने नेले, तेव्हापासून ते तिच्याकडेच आहे. आता ते माझ्या राजीखुशीने तिचे झाले. तिला निदान झोप तरी नीट लागेल.

कलम ३. आमच्या पहिल्या शेजारणीला, म्हणजे सगळ्यात जवळच्या घरच्या ग्राशीला, त्या वर्षीचा सगळा मध. मी गेल्यावर पेट्यांवर टकटक करून मधमाश्यांना कळवण्याचे काम रिवाजाप्रमाणे तिचे. तिने हळू सांगावे, तिचा आवाज मोठा आहे. बिशेंते गेला तेव्हा हिने आमची चूल पेटवली, गायींच्या धारा काढल्या, आणि मला नुसते बसू दिले. त्याची फेड मधाने होत नाही, हे मला कळते.

कलम ४. माझा मुलगा बेन्यात याला पाच नाणी आणि सामाईक डोंगरावर जमिनीचा एक पट्टा.

हे वाचून परक्याला वाटेल, बरे मिळाले. तसे नाही. ती नाणी कधीच चालेनाशी झाली, आणि सामाईक डोंगर सगळ्या खोऱ्याचा, तो कोण कोणाला देणार? ज्याला घर मिळत नाही, त्याला आईबाप विसरले नाहीत एवढे सांगण्यापुरते हे शब्द लिहितात. माझ्या वडिलांनी पाचिकोसाठी हेच लिहिले होते. त्यांच्या मातीनंतर ते वाचले गेले, आणि विशीतला पाचिको टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "कुठंय माझी जमीन? दाखवा!"

वकील म्हणाले, "अरे बाबा, हे नुसते शब्द आहेत."

"बापानं दिलेत ना? मग मी घेणार."

चेस्टनटचे रोप घेऊन तो डोंगरावर गेला, ते लावले, आणि त्याच आठवड्यात बोटीवर चढला. सगळे खोरे हसले. माझा नवरा हसला नाही. ज्याच्यामुळे पाचिकोची जागा गेली असे लोक म्हणत, तोच दर वसंतात वर जाऊन त्या रोपाला काट्यांचे कुंपण घाली. मला त्याने कधी सांगितले नाही. बिशेंते, तुझे उपकार मानायचे राहून गेले होते, ते इथे मानते.

बेन्यातच्या बाबतीत तेच घडेल या भीतीने मला झोप येईना. म्हणून माझ्या मातीची वाट न पाहता काल सेंट मार्टिनच्या सणाच्या जेवणाला मी हे कलम सर्वांदेखत वाचले. बेन्यात ब्रसेल्सला मोठ्या कचेरीत आहे.

"आई, मी तिथं भाषणं देतो, युरोपची संस्कृती रोमच्या कायद्यावर उभी आहे म्हणून. आणि घरी मला बंद पडलेली नाणी?"

"उभी असेल बाबा. पण जेवायला बसते कुठं, ते सांग."

तो हसला नाही. चमचा ठेवून उठला आणि निघून गेला. मायालेन रडू लागली. मला वाटले, संपले, वडिलांनी गमावला तसा मीही मुलगा गमावला. तेवढ्यात पाचिकोने टोपी डोक्यावर ठेवली. "ताई, त्याचं ताट झाकून ठेव. माझंही," म्हणाला, आणि त्याच्यामागे गेला.

अंधार पडता पडता दोघे डोंगरावरून परतले. बेन्यातचे कचेरीचे बूट चिखलाने माखलेले. उंबऱ्यात तो विचारत होता, "मामा, एवढी वर्षं तुम्ही रागानं आला नाहीत?"

"रागानं गेलो रे. राहिलो ते लाजेनं. तू आपला जा, आणि सुट्टीला येत जा."

मग माझ्याकडे वळून पाचिको म्हणाला, "ताई, या वेळी जमीन नीट लिही. बाबांनी हद्दच घातली नव्हती."

म्हणून कलम ४ पुरे करते. बेन्यातच्या जमिनीवर कालपासून काठीएवढे एक चेस्टनट उभे आहे. तिच्या चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस मामाचे झाड, पश्चिमेस मेंढ्यांची वाट, उत्तरेस आभाळ, आणि दक्षिणेस, खाली, सुबियाल्देच्या स्वयंपाकघराची खिडकी. मायालेनने त्या खिडकीत दिवा ठेवावा आणि बेन्यातचे ताट मांडावे. तो येवो न येवो, मांडावे.

साक्षीदार:
१. इदोया लासागा, शाळेच्या बाई
२. आन्सेल्मो, पाववाले
(पाचिकोला खुर्ची मिळाल्यामुळे कायद्याने साक्षीदार होता येत नाही. तो रुसून त्याच खुर्चीत बसला आहे.)

सही: कोंचेसी एचेनीके
स्थळ: सुबियाल्दे, बास्तान खोरे
दिनांक: १२ नोव्हेंबर २०१९