आईच्या डोळ्यांत थेंब कोणी घालायचे

नागपूर, २६ एप्रिल २०२५

चि. सौ. नम्रता हिस,
शमिकाचे अनेक आशीर्वाद. फोन आई स्पीकरवर टाकते, म्हणून हे पत्र.

बँकेने बढती देऊन इथे पाठवलं त्याला महिना होत आला. कूलरपुढून हलवत नाही आणि ताजा बांगडा स्वप्नातही दिसत नाही. ते सोसेन. पण आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, हे मला शेजारच्या कमळाकाकूंकडून कळावं? आजवर तिचं डोकं दुखलं तरी आधी मला कळायचं. काकू म्हणाल्या, सून लेकीला सवाई निघाली, डोळ्यांत थेंबसुद्धा तीच घालते. ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. रात्री जेवलेच नाही.

संदेशला सांग, तुला एक बहीण आहे.

रागावले तरी माया आहे, तुझीही असू दे.
शमिका

रत्नागिरी, ४ मे २०२५

ती. शमिकाताईंना,
नम्रताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला कळवू नका, हे आईंचंच म्हणणं. पोर नव्या जागी आहे, धावत येईल, म्हणाल्या. ऐकून माझ्याच पोटात दुखलं. मीही लातूरहून इथे नवीनच आले ना? या घामट हवेत नाक दाबून मासे साफ करायला शिकले. आमटी केली की आई म्हणतात, शमू त्यात तिरफळं घालायची. चादर घातली की, शमू कोपरे नीट दुमडायची. तुम्ही गेलात, पण जागा काही रिकामी केली नाहीत.

लग्नानंतर मी माहेरी गेलेले नाही. आता जाते. तुम्ही रजा काढून या नि थेंब तुम्हीच घाला. रागाने नाही म्हणत. थोडं रागानेच.

लोभ कमी करू नये.
नम्रता

रत्नागिरी, १६ मे २०२५

चि. सौ. नम्रता हिस,
लातूरला अनेक आशीर्वाद.

आले, आणि भोगतेय. थेंब घातले तर आई म्हणते, नम्रताचा हात हलका. कुळथाची पिठी केली तर, नम्रता लसूण सढळ घालते. दुपारभर ती तुझ्या फोनची वाट बघत पडवीत बसते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी विचारलं, मी इथे होते तेव्हा कधी कौतुक केलंस का? तर हसली. म्हणाली, समोरच्या माणसाचं कसं करायचं गो, लाज वाटते.

मी पुढच्या रविवारी निघते. तू शनिवारीच ये. दोघी एकदम समोर बसू, मग बघू ही कोणाचे गोडवे गाते.

जळते, तरी तुझीच,
शमिका