पान एकशे बारावरची हडळ

बोरी, गुरुवार

चि. अर्पितास,

धम्मशीलाताईचा सप्रेम जयभीम. मामीचे गुडघे कसे आहेत? तुझा खोकला गेला का? आमच्याकडे सगळे खुशाल, म्हणजे काल दुपारी अडीचपासून खुशाल. त्याआधीचे दोन तास कसे गेले ते सांगायलाच कागद घेतलाय (फोनवर बोलता येत नाही, या घराला कान फार).

तू भयपटांवरच्या पुस्तकांची आणि पॉडकास्टची यादी पाठवलीस, वर तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीतलं एक जाडजूड पुस्तकही धाडलंस. काल ज्वारी निवडता निवडता यादीतला तिसरा पॉडकास्ट लावला. दोन पोरं जुन्या पिक्चरांबद्दल बोलत होती. तेव्हा पडलेले, आता लोकांनी डोक्यावर घेतलेले. एक म्हणालं, अशाच एका पिक्चरात विहिरीतून वर येणारी हडळ बाई नव्हतीच, पुरुष होता, आणि चाळीस वर्षांत त्याचं नाव कुणाला सापडलं नाही. फोटो बघायचा तर अमक्या पुस्तकाचं पान एकशे बारा. पुस्तक तेच, तू पाठवलेलं! मी हात झटकून पान उघडलं. पांढरं लुगडं, गुडघ्यापर्यंत केस, आणि त्या केसांतून माझ्याकडे रोखलेली उजवी भुवई. ती भुवई मी बारा वर्षं रोज बघते. भाजीत मीठ जास्त झालं की अशीच वर जाते.

आमचे सासरे गं, तात्याराव मामा! तहसीलमधून निवृत्त झाल्यापासून शाळाशाळांत ‘भूत नसतं’ यावर भाषणं देणारे. कालचं भाषण इथल्याच शाळेत, तीन वाजता.

मान वर केली तर ते दारात उभे. फोन मोठ्यानं चालूच.

“कोनतं पान म्हनले ते?”

त्यांनी पुस्तक काढून घेतलं, आतल्या खोलीत गेले आणि कडी लावली.

एक वाजला. ताट झाकून ठेवलं. सासूबाई दाराला कान लावून बसल्या. आतून पान उलटल्याचा आवाज नाही, खोकला नाही. मामांना बीपी, आणि गोळ्या बाहेर फळीवर. “मामा, गोळी तरी घ्या,” मी तीनदा म्हटलं. दीडला ह्यांना जिंतूरहून बोलावून घेतलं. मनात नको नको ते यायला लागलं. एवढ्या वर्षांची त्यांची अब्रू मी ज्वारी निवडता निवडता घालवली होती. सव्वादोनला शाळेचा शिपाई विचारून गेला, साहेब निघाले का? शेवटी ह्यांनी दाराला खांदा लावला, तोच कडी निघाली.

मामा इस्त्रीचा सदरा घालून उभे. डोळे लाल.

“अज्ञात कलाकार, असं छापलंय,” ते म्हणाले. “चार महिने मुंबईत उपाशी राहून उतरलो होतो मी त्या हिरीत. नोकरी लागल्यावर लाजंनं कुनाला सांगितलं न्हाई. पन अज्ञात?”

सासूबाई “अगं बाई!” म्हणून पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या.

मग मामा पुस्तक काखेत मारून शाळेत गेले, दीडशे पोरांना ते पान दाखवलं आणि म्हणाले, “हे भूत म्हंजे मी. आता कुनाला भ्यायचंय?” (ह्यांनी हे मागच्या बाकावरून ऐकलं. ह्यांना रडू आलं, पण कबूल करत नाहीत.) घरी येऊन मामा दोन माणसांचं जेवले.

तिकडे तुझ्या आई-बाबांना, म्हणजे माझ्या मामा-मामींना, जयभीम.

तुझी ताई,
धम्मशीला

ता. क. पुस्तक परत पाठवतेय, पण पान एकशे बारावर मामांनी शाईपेनानं आपलं पूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता लिहिलाय. लायब्ररीचं तू निस्तर. आणि त्या पॉडकास्टवाल्या पोरांना मामांचा नंबर दे. खरं तर पत्र त्यासाठीच. मुलाखतीला अट एकच, शेवटी भूत नसतं हे सांगू द्यावं.

आणखी एक, कुणाजवळ बोलू नको. आज भांडी घासताना सासूबाई म्हणाल्या, त्यांनी तो पिक्चर लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मानवतच्या टॉकीजमध्ये बहिणीसोबत पाहिला होता. हडळ वर आली, सगळ्या बाया किंचाळल्या, आणि सासूबाईंनी चालीवरून नवरा ओळखला. “मला हसू आवरंना. बहिनीला वाटलं मलाच लागीर झालं. वढत भाईर आनलं तिनं. पिक्चर अर्धाच राह्यला बघ. ह्यांना कसं इचारू? ह्यांना वाटायलंय मला कालच कळलं. तू त्या पोरांना इचार, हडळीचं पुढं काय झालं?”