भोंग्याला वेगळी चारी

८ डिसेंबर
लिहिण्याचं कारण एकच – काल माझ्या शब्दावर एका आईने लेकरू बांधावर ठेवलं, आणि भोंगा उशिरा वाजला.

माझा ऊस तोडायला जामखेडकडची टोळी आलीय. पूजा नवऱ्याबरोबर तोडते. तान्हं बांधावरच्या लिंबाला झोळीत. मी सांगितलं होतं – खांबावरच्या कॅमेऱ्याला बिबट्या दिसला की लगेच तुझ्या फोनचा भोंगा वाजेल, निर्धास्त काम कर! काल ती दूध पाजायला गेली, तर झोळीखालच्या मातीत पंजाचा ताजा ठसा. लेकरू झोपलेलं. भोंगा त्यानंतर वाजला!

९ डिसेंबर
अश्विनीला बोलावलं. माझी जुनी विद्यार्थिनी. हा भोंग्याचा प्रयोग करणाऱ्या मोबाईल कंपनीत इंजिनिअर. राहात्याहून स्कूटीवर आली. आधी पाणी दिलं, मग झाडलं.

तिने सांगितलं ते असं – टॉवर एकच, पण त्याचं नेट वाटून दिलेलं. ती 'स्लाइस' म्हणते. मी म्हटलं, कालवा एक, चाऱ्या वेगळ्या. हो म्हणाली. व्हिडिओंची चारी मोठी, पण तिथे गर्दी. भोंग्याची अरुंद, पण सदा मोकळी. कोणत्या ॲपने कोणत्या चारीने जायचं हे फोन ठरवतो, आत घालून दिलेल्या नियमाप्रमाणे.

"नियम बरोबर आहे, बाई." तिने कॅमेऱ्यासमोर बिबट्याचं चित्र धरलं. माझा फोन लगेच वाजला! पूजाचा – गप्प. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघून झाल्यावर वाजला.

"तुमचा फोन शाळंत गेल्याला दिसतोय, बाई," पूजा म्हणाली. हसली नाही. आता लेकरू पाठीला बांधून तोडते. त्याच्या गालाला उसाचं पातं लागलंय.

१० डिसेंबर
अश्विनीने पूजाचा फोन उलटासुलटा तपासला. दोष नाही म्हणे. मग दोष कुणाचा – बिबट्याचा?

११ डिसेंबर
सापडलं!

दुपारी अश्विनीला घेऊन टोळीच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर गेले. जेवणाची वेळ. सगळे टोळीच्या मुकादमाभोवती, म्हणजे आसारामभोवती, दाटीने बसलेले. वाटलं, भांडण लागलं. कसलं काय! रिचार्ज एकट्या आसारामचा, आणि अख्खी टोळी त्याच्या हॉटस्पॉटवर.

"एका चुलीवर समद्यांच्या भाकरी, बाई. गुन्हा हाय का?"

अश्विनीने कपाळावर हात मारला. पूजाचा भोंगा तिच्या फोनवर आसारामच्या फोनमधून येतो. आणि आसारामचा फोन ओळखतो फक्त स्वतःची ॲपं. बाकीच्यांचं सगळं – गाणी, कुस्त्या, भोंगा – एकत्र करून गर्दीच्या चारीत लोटतो.

"प्रत्येकाचं आपापलं सिम असणार, असं आम्ही धरून चाललो."

"फडात कधी बसली होतीस?" मी विचारलं. मीही बसले नव्हते. ते बोलले नाही.

१२ डिसेंबर
पूजाला स्वतःचं सिम हवं. "वर विचारते," अश्विनी म्हणाली. "विचारू नको, सांग!"

आडवा आला आसाराम. "आज हिला नेट, उद्या समदे मागत्याल. मंग दुसऱ्या मुकादमाचे फोन येत्याल. टोळी फुटंल माजी."

मी तोंड उघडायच्या आत त्याची बायको छबूबाई कडाडली – "जायचंच आसंल त्ये चालत बी जात्याल! त्याला नेट कशाला लागतंय? लेकरू वाघाच्या तोंडी देऊन टोळी राखता व्हय?"

सगळे हसले. आसारामही, थोडा उशिराने.

१४ डिसेंबर
सिम आलं. आसारामनेच ते पूजाच्या फोनमध्ये घातलं. अश्विनीने नियम चढवला. मग मी मुद्दाम टोळीला कुस्त्या लावून बसायला सांगितलं, आणि चित्र धरलं. माझा हात पुरता वर जायच्या आत वाजला! छबूबाईने कान झाकले – "लई वरडतंय की!"

ओरडू दे.

पूजाने झोळी परत लिंबाला बांधली. मी सांगितलं नव्हतं.

१६ डिसेंबर
खरा वाजला. भर दुपारी. पूजा कोयता टाकून धावली. लेकरू उराशी घेऊन ती आमच्यात आली, तेव्हा कुठे बिबट्या बांधावर चढला. आम्ही डबे बडवले. पळाला नाही. उसाचा शेवटचा पट्टा उभा आहे, तिकडे बघत राहिला. मग सावकाश गेला.

अश्विनीला फोन केला. ऐकून रडायला लागली. मी म्हटलं, रडू नकोस, बाकीच्या बायकांची सिम आण.

१८ डिसेंबर
काल शेवटच्या पट्ट्यात बिबट्याची पिल्लं निघाली. दोन. वनविभागाची माणसं आली. त्यांच्या सांगण्यावरून क्रेटमध्ये जागच्या जागी ठेवली. आई परत यावी म्हणून टोळी लांब हलवली. भोंगा बंद.

पावती इथेच लिहून ठेवते. दिली – दोन पिल्लं. टोळीतर्फे आसाराम, मालकीण मी.

घेतली – त्यांच्या आईने. सही नाही. कॅमेऱ्यात दिसतंय – एकेक करून, मानगूट धरून, अलगद.